पथनाट्य करणारा मुलगा आणि केसची धास्ती

निपाणीच्या एका आईचं पत्र आहे. मुलगा बेळगावात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक पथनाट्य पोलिसांनी मध्येच बंद पाडलं, तरी पुढे राजकीय नाटकच करणार म्हणतो. केस झाली तर सरकारी नोकरीचं काय, आणि यात पोट भरतं का, असं त्या विचारतात.

ताई, गुन्हा नोंद झाला म्हणजे नोकरी गेलीच असं नाही. अंगाशी येतं ते लपवणं. पडताळणीच्या फॉर्मात प्रलंबित गुन्ह्यांचा रकाना असतो. तिथे 'नाही' लिहिलं आणि पोलीस अहवालात निघालं, तर झालेली नेमणूकही जाऊ शकते. एफआयआर असेल तर प्रत जपून ठेवा.

पथनाट्य बऱ्याचदा संहितेपेक्षा रस्त्यापायी अडकतं. घोळका वाढतो, बस अडते, मग सार्वजनिक अडथळ्याचं कलम लागतं. देवळाचं किंवा शाळेचं पटांगण घ्यावं, तेही लेखी संमतीने. माईकला वेगळी परवानगी लागते. २०-२५ मिनिटांचा प्रयोग, पाच-सात जणांचा कोरस आणि एक डफ असेल तर माईक लागतोच कशाला? अर्ज कन्नडमध्ये द्यावा, नाटकाचा कन्नड गोषवारा जोडावा. नुसती मराठी संहिता दिली तर ठाण्यात ती वाचणारा मिळेलच असं नाही, आणि न वाचलेल्या कागदाचा संशय जास्त. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नये. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास आणि बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असताना जमावबंदीचा आदेश आहे का, हे तारीख ठरवण्याआधी पाहावं.

नाव घेऊन शिव्या घालणं म्हणजेच राजकीय नाटक, असं त्याला वाटत असेल तर खाडिलकरांचं 'कीचकवध' वाचायला द्या. १९०७ सालचं नाटक. मंचावर विराटाचा दरबार, व्हाइसरॉय कर्झनचं नावही नाही, तरी कीचक कोण ते प्रेक्षक ओळखत. सरकारने १९१० मध्ये बंदी घातलीच, पण तोवर प्रयोग गावोगाव झाले होते.

निव्वळ पथनाट्यावर घर चालत नाही, हे खरं. प्रकाशयोजना किंवा ध्वनी हाताशी असेल तर वर्षभर काम मिळण्याची शक्यता वाढते. पदवी पुरी करू द्या. मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पुण्याचं ललित कला केंद्र आहे. माझा कल मात्र कर्नाटकातल्या हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेकडे: अभ्यासक्रम वर्षभराच्या आतला, कन्नड माध्यमाचा, आणि सीमाभागात काम करणाऱ्याला ती भाषा पुढे रोज लागणार. दिल्लीला पदवीसोबत नाटकांतल्या कामाचा अनुभवही बघतात, तेव्हा प्रत्येक प्रयोगाचं पत्रक आणि दिग्दर्शकाच्या सहीचं पत्र आतापासूनच फाईलला लावायला सांगा.