एलईडी टीव्हीचा आवाज येतो पण चित्र दिसत नाही. मेकॅनिक म्हणतो पॅनल गेलं. नवीन टीव्ही घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की ३२ इंची टीव्ही आहे, आवाज येतो, रिमोटने चॅनलही बदलतात, पण पडदा काळा. त्या मेकॅनिकने अंधारात पडद्यावर टॉर्च मारून पाहिला होता का? नसेल तर त्याचं म्हणणं सोडून द्या. टॉर्च न मारता 'पॅनल गेलं' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. असल्या निदानापायी धडधाकट टीव्ही भंगारात जातात.

खोलीत अंधार करा, टीव्ही लावा, मेनू उघडा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. मेनूची अक्षरं पुसटशी दिसली की समजा पॅनल (चित्र उमटवणारी पुढची काच), टीकॉन (त्या काचेला चित्र पुरवणारा छोटा बोर्ड), मेन बोर्ड सगळं चालू आहे. गेलाय तो मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट. टीव्ही लावताना पडदा क्षणभर उजळून विझत असेल तरी संशय आधी बॅकलाइटवरच घ्यायचा.

या मापाच्या बऱ्याच सेटमध्ये काचेमागे दोन-तीन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात आणि त्यांवरचे सगळे एलईडी सीरिजमध्ये. दिवाळीच्या जुन्या माळेसारखंच, एक उडाला की सगळे बंद. मागचं झाकण काढून बॅकलाइटच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा आणि टीव्ही चालू करा. व्होल्टेज झटक्यात चढून खाली पडलं तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना वीज पुरवणारं सर्किट, शाबूत आहे, एलईडींची माळ तुटलीय. चढलंच नाही तर मेन बोर्डाकडून येणारी बीएल-ऑन लाइन, म्हणजे बॅकलाइट चालू करायचा इशारा देणारी तार, पाहा. तिथे साधारण ३ व्होल्ट किंवा जास्त हवेत. ते असूनही काही हलत नसेल तर दोष ड्रायव्हरमध्ये. बॅकलाइट टेस्टर असेल तर काम आणखी सोपं: सेट बंद करून दोन तारा थेट कनेक्टरला लावल्या की माळ पेटते की नाही ते कळतं.

आता खरा वाद. बाजारात अर्धे लोक उडालेला एकच एलईडी बदलून टीव्ही परत देतात. मी याच्या साफ विरोधात आहे. बाकीचे एलईडी तेवढेच तास, तेवढ्याच उष्णतेत जळलेले असतात. आज एक गेला, काही महिन्यांत शेजारचा जाणार. शिवाय नवा एलईडी जास्त पांढरा पेटतो आणि पडद्यावर त्या जागी ठिपका दिसतो. पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. या कामात पट्टी महाग नसते, जोखीम काच उचलण्यात असते. काचेच्या कडेला चिकटलेल्या पातळ फिती, ज्यांना आम्ही सीओएफ म्हणतो, त्यातली एक जरी दुमडली किंवा उचकटली तरी उभ्या रेघा येतात आणि मग पॅनल खरंच जातं. म्हणून काच एकदाच उघडायची आणि पट्ट्यांचा पूर्ण सेट बदलायचा.

उघडताना टीव्ही गादीवर पालथा ठेवा, एलव्हीडीएस केबल (मेन बोर्डावरून टीकॉनकडे चित्र नेणारी) सोडवा, फितींच्या टोकाचा लांबट बोर्ड स्क्रू काढून मोकळा करा, मगच समोरची चौकट. काच दोघांनी मिळून, सक्शन कप लावून, फितींची बाजू सैल ठेवून उचलायची. एकट्याने अजिबात नको. खाली दोन-तीन पातळ शीट आणि उजेड पसरवणारा एक जाड डिफ्यूझर असतो. क्रम आणि कडेचे कान कुठल्या बाजूला होते याचा फोटो काढा. एक शीट उलटी पडली तरी चित्राचा उजेड बिघडतो. पंखा बंद, हातात सुती मोजे. बोटाचा ठसा नंतर पडद्यावर रोज दिसतो.

पट्टी घेताना टीव्हीचा मॉडेल नंबर पुरत नाही, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या पट्ट्या निघतात. पट्टीवर छापलेला नंबर, एलईडींची संख्या, मिलिमीटरमध्ये लांबी, आणि एलईडी ३ व्होल्टचा की ६ व्होल्टचा, हे चारही जुळलं पाहिजे. ३ आणि ६ ची सरमिसळ तर कधीच नको. जुनी पट्टी हातात घेऊनच मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जा. बसवण्याआधी मागचा पत्रा पुसून घ्या आणि पट्टी पूर्ण लांबीला दाबून चिकटवा. मध्ये पोकळी राहिली की उष्णता पत्र्यात उतरत नाही आणि तिथला एलईडी आधी जातो. काच बसवण्याआधी पट्ट्या अर्धा तास पेटत्या ठेवा.

आणि करंट कमी करा. ड्रायव्हर आयसीजवळ कमी ओहमचे काही रेझिस्टर समांतर असतात. सारख्या ओहमचे चार असतील तर एक काढल्यावर करंट पाव भागाने उतरतो. उजेडातला फरक घरात फारसा जाणवत नाही, एलईडी मात्र बरेच गार राहतात. कंपनीच्या सेटिंगला हात लावू नये म्हणणारे बरेच आहेत. त्यांनी त्याच सेटिंगवर काळवंडलेल्या पट्ट्या एकदा उघडून पाहाव्यात. रेझिस्टरला हात घालायचा नसेल तर निदान मेनूतला 'बॅकलाइट' शंभरवरून साठ-सत्तरवर आणा. 'ब्राइटनेस' नव्हे, बहुतेक सेटमध्ये त्याने फक्त काळा रंग वर-खाली होतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: टॉर्चमध्ये चित्र दिसलं तर नवीन टीव्ही घेऊ नका. पडदा उजळ आहे पण चित्रच नाही असं असेल तर आधी टीकॉनचा १२ व्होल्टचा फ्यूज आणि एलव्हीडीएस केबल तपासा. काच फुटलेली असेल तर मात्र मेकॅनिक बरोबर आहे. टीव्ही ओएलईडी असेल तर वरचं काहीच लागू नाही, त्यात बॅकलाइट नसतो.

आणखी एक, वॉरंटी असेल तर झाकण उघडूच नका. नसेल तर पॉवर बोर्डाचा मोठा कॅपॅसिटर लक्षात ठेवा. त्यावर ३०० व्होल्टच्या वर असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट न करता १०० वॉटच्या जुन्या बल्बच्या तारा लावून तो उतरवा, मीटरने शून्य पाहा आणि मगच बोर्डाला हात लावा.