मन कोरडं पडलं म्हणजे विश्वास आटला का?

प्रश्न : पूर्वी उपासनेत गायन सुरू झालं की माझे डोळे भरून यायचे. गेले चार-पाच महिने काहीच वाटत नाही. प्रार्थना म्हणजे भिंतीशी बोलल्यासारखं होतं. माझा विश्वास संपला का?
— एक भगिनी, जालना

उत्तर : आधी ‘अंतःकरण’ या शब्दाची गफलत दूर करू. आपण मन म्हणतो तेव्हा बहुधा भावनाच म्हणायच्या असतात. त्यासाठी शास्त्रातला (बायबलमधला) इब्री शब्द ‘लेव’ त्याहून मोठा आहे. विचार करणं, ठरवणं, लक्षात ठेवणं ही सगळी ‘लेव’चीच कामं. शलमोन राजाने न्याय करता यावा म्हणून मागितलं ते ऐकणारं ‘लेव’ (१ राजे ३:९). तिथे गहिवराचा प्रश्नच नव्हता. उलट मायेसाठी शास्त्र आणखी खाली, पोटात उतरतं. लोकसमुदाय पाहून येशूला कळवळा आला (मत्तय ९:३६), त्या ग्रीक क्रियापदाच्या मुळाशी आतडी आहेत. ‘आतडं तुटलं’ म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे शिकवावं लागलं नसतं.

तेव्हा तुमच्या अंतःकरणाचं एक काम मंदावलंय, सगळं अंतःकरण बंद पडलेलं नाही. काही वाटत नसतानाही तुम्ही उपासनेला जाताय, प्रार्थनेला बसताय. हा निर्णय त्याच अंतःकरणाने घेतलाय.

आता कारण शोधा, आणि शरीरापासून सुरुवात करा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, आणि मग पुन्हा खायला घातलं (१ राजे १९). झोप पुरेशी होते का ते बघा. थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. उदासी दोन आठवडे रोजच्या रोज टिकली, जेवणखाण, काम यांतली गोडी गेली, तर डॉक्टरांना दाखवा. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे.

शरीर ठीक असेल तर जेझुइट संघाचा संस्थापक, लोयोलाचा इग्नेशियस (१४९१–१५५६), याचं ऐका. कोरडेपणाची तो तीन कारणं देतो : आपला आळस, काही मिळत नसतानाही आपण किती चालतो याची पारख, आणि गोडवा ही देणगी आहे, आपली कमाई नाही, हे कळावं म्हणून. त्याचा एक नियम असा, की कोरड्या दिवसांत आधीचा निश्चय बदलायचा नाही. प्रार्थना दहा मिनिटं ठरली असेल तर कंटाळा आल्यावर उठू नका, उलट बारा मिनिटं बसा. सर्रास होणारी चूक म्हणजे मंडळी (चर्च) बदलणं, किंवा जिथे ढोलकी जोरात वाजते ती सभा गाठणं. तिथे डोळे भरतातही. सोमवारी पुन्हा तेच.

प्रश्न : लग्नाची बोलणी चालू आहेत, पण आतून धाकधूक होते. ‘हृदय सर्वांत कपटी’ असं यिर्मया संदेष्टा म्हणतो, मग मनाचं ऐकूच नये का?
— एक तरुण, नांदेड

उत्तर : १७:९ एकटं उचलू नका. पाचव्या वचनापासून विषय आहे भरवसा कुणावर, माणसावर की परमेश्वरावर. हृदय फसवतं ते तिथे. धाकधूक ही खूण समजा, निकाल नव्हे. नेमकं कशाने धसकता ते एका ओळीत लिहा : मुलीचा स्वभाव, पैसा, की घरच्यांचा दबाव? ओळ लिहिता आली तर त्या गोष्टीची चौकशी करा. आठवडाभर प्रयत्न करूनही लिहिता आली नाही, तर बहुधा नव्या जबाबदारीची साधी भीती आहे.

प्रश्न : सोयाबीन पाण्यात गेलं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. आमचे मालक प्रार्थनेला बसत नाहीत. म्हणतात, “देवाला दिसत नाही का?” मंडळीतले वडीलधारे म्हणतात, कुरकुर करणं पाप आहे, रानात इस्राएलाचं काय झालं ते आठवा. मी काय करू?
— एक भगिनी, लातूर जिल्हा

उत्तर : इस्राएल लोक कुरकुरले ते आपापल्या तंबूत बसून, देवाच्या पाठीमागे (अनुवाद १:२७). स्तोत्रकर्ता तसलंच गाऱ्हाणं देवाच्या तोंडावर घालतो. मालकांचं वाक्य तेच राहू द्या, फक्त फिरवा : “देवा, तुला दिसत नाही का?” एवढ्याने ते प्रार्थना होतं.

त्यासाठी स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत चार वेळा ‘कोठवर’ विचारलंय, तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे, पाचव्यात भरवसा. मोठ्याने वाचा आणि पहिल्या दोन वचनांनंतर थांबून तुमचं ‘कोठवर’ म्हणा, नावानिशी : किती एकर गेलं, हप्ता कधीचा. हबक्कूक संदेष्टाही (३:१७) अंजिरापासून गोठ्यापर्यंत सहा नुकसानी मोजतो आणि मगच ‘तरी मी परमेश्वरात आनंद करीन’ म्हणतो. भेटायला येणारे नेमके इथे घाई करतात आणि दारातूनच पाचवं वचन ऐकवतात. त्या वचनातही बघा, भरवसा ठेवून झालाय, आनंद अजून व्हायचाय. मालकांचं गाऱ्हाणं ‘तरी’पर्यंत पोचलं नाही तर ओढून नेऊ नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

मात्र “जगून काय करू” असं एकदा जरी म्हणाले, तर ते रागाचं बोलणं समजून सोडू नका. मरायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीची औषधं घरातून हलवा, दुसरीकडे कुलपात ठेवायला द्या. त्यांना एकटं ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. पाळकांना बोलवा, पण जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे त्यांना न्या, जमलं तर त्याच दिवशी.