दुखणं थांबलं म्हणजे खांदा बरा झाला का?

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. आम्ही खानापूर तालुक्यातले. ती रोज बसने बेळगावला जाते, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) आहे, बॉक्सिंग करते. दिवाळीनंतर सरावात तिचा उजवा खांदा निखळला. गावच्या तालमीतल्या वस्तादांनी तो ओढून बसवला. पुढे बसमध्ये वरची दांडी धरून उभी असताना गचका बसला आणि खांदा पुन्हा निखळला. डॉक्टर दुर्बिणीतून ऑपरेशन करा म्हणतात. सासूबाई म्हणतात खेळ बंद करा, हात अधू झाला तर लग्न कसं व्हायचं? मुलगी बॉक्सर निखत झरीनचे व्हिडिओ दाखवते. तिचाही खांदा निखळला होता, तरी ती जगज्जेती झाली, म्हणते. आता दुखत नाही, म्हणून पुढच्या स्पर्धेला जायचा हट्ट चाललाय. काय करू? – एक आई

उत्तर : ताई, मुलगी खोटं बोलत नाही. पण व्हिडिओत मधली वर्षं दिसत नाहीत, ती मी सांगते.

निखत निजामाबादची. २०११ मध्ये ज्युनिअर जगज्जेती झाली. २०१७ मध्ये आंतरविद्यापीठ स्पर्धेत तिचा उजवा खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, जवळजवळ वर्ष रिंगणाबाहेर गेलं. २०१८ ची राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धा दोन्ही तिच्याविना पार पडल्या. परतल्यावर बेलग्रेडला सुवर्ण, फेब्रुवारी २०१९ मध्ये सोफियाच्या स्ट्रँजा स्पर्धेत सुवर्ण. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऑलिंपिक पात्रतेच्या चाचणीत मेरी कोमकडून ती हरली. इस्तंबूलला ५२ किलोत जगज्जेती झाली ती मे २०२२ मध्ये. पाच वर्षं लागली, ताई. तुमची लेक काही आठवड्यांत सगळं उरकायला निघालीय.

आता खांद्याचं. या सांध्याची वाटी उथळ असते, म्हणून तर हात चहूकडे फिरतो. वाटीच्या कडेला कूर्चेची एक कड असते. खांदा पुढच्या बाजूला निखळतो तेव्हा बहुतेकदा ती फाटते आणि मग नीट जागेवर चिकटत नाही. विशीच्या आत एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता फार मोठी असते, आणि तुमच्याकडे तर ते घडूनच गेलंय. दुखणं थांबलं याचा अर्थ सूज उतरली, एवढाच. फाटलेलं आत तसंच आहे. म्हणून ऑपरेशनचा निर्णय सीमाप्रश्नासारखा लोंबकळत ठेवू नका. शंका असेल तर एमआरआय घेऊन दुसऱ्या एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

वस्तादांवर माझा राग नाही. आपल्याकडे तालमी आहेत म्हणून पोरांना व्यायामाचं वळण आहे. पण निखळलेल्या हाडाला कधी चीरही गेलेली असते, आणि तिथून एक नस जाते. ओढाओढीत ती दुखावली तर दंडाची बाहेरची बाजू बधिर होते. तशी बधिरता अजून जाणवते का, हे मुलीला विचारा आणि डॉक्टरांना सांगा. पुन्हा असं झालं तर हात झोळीत बांधून थेट दवाखाना.

ऑपरेशन झालं तर चार-सहा आठवडे हात झोळीत राहील. हात वर करून मागे नेणं हीच खांद्याची सगळ्यात कच्ची जागा, त्यामुळे वेणी तुम्हीच घालायची, वलणीवर कपडे टाकायला दुसरं कुणीतरी. कळशी तर नावालासुद्धा नको. (सासूबाईंनी या दिवसांत भांडी घासली तर लग्नाची काळजीही थोडी हलकी होईल.) डॉक्टरांनी परवानगी दिली की पाय आणि पोट यांचा व्यायाम सुरू करता येतो. पायांची हालचाल सुधारायला याहून चांगला वेळ मिळत नाही.

पुढचं काम फिजिओथेरपिस्टचं. आधी हात पूर्ण फिरायला हवा, मग ताकद, मग शॅडो (हवेतच ठोसे), पॅड (कोचच्या हातातल्या गादीवर ठोसे), बॅग आणि सगळ्यात शेवटी स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत. इथेच मुली घाई करतात. बॅगवर बसलेला ठोसा खांद्याला सोसवतो. हुकलेला हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) सोसवत नाही, कारण हात हवेत जातो आणि त्याला थांबवायचं काम एकट्या खांद्यावर येतं. रिंगणात समोरची मुलगी बाजूला सरतेच, ठोसे हुकतातच. म्हणून उजव्या खांद्याची ताकद डाव्याच्या बरोबरीला आल्याशिवाय स्पॅरिंग नाही. सहा महिने तर धराच, जास्तही लागतील. ही तारीख फिजिओ ठरवतील. स्पर्धेच्या पत्रकावरची तारीख बघून कुणीही ठरवायची नाही, कोचनेसुद्धा नाही.

सासूबाईंना हरियाणातल्या भिवानीकडच्या बॉक्सर पूजा रानीचं सांगा. २०१६ च्या दिवाळीत फटाक्याने तिचा हात भाजला, पुढे खांदाही दुखावला. तरी २०१९ मध्ये आणि २०२१ मध्ये ती आशियाई विजेती झाली, टोकियो ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. मुलीला मात्र निखतचंच पुढचं सांगा. २०२३ मध्ये दिल्लीत ती पुन्हा जगज्जेती झाली आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या वू यूकडून लवकर हरली. दुरुस्त झालेला खांदा पदकाची हमी देत नाही. हमी नसतानाही खेळायची तयारी असेल तर तिला अडवू नका. आणि पुढचं पत्र तिला स्वतः लिहू दे की. खांदा तिचा आहे.

प्रश्न : माझं वजन ५२ किलो. दोन दिवस पाणी बंद करून बॉक्सिंगच्या खालच्या वजनगटात उतरू का? – एक खेळाडू, निपाणी

उत्तर : नको. वाढत्या वयात आपल्या वजनाच्याच गटात खेळ. वजन लढतीच्या प्रत्येक दिवशी सकाळी होतं, एकदा पाणी तोडून भागत नाही. कुस्तीगीर विनेश फोगाट आठव, पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीच्या सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून ती बाद झाली.