वळणासाठी ब्लेड किती रुंद?

प्रश्न: लाकडी घोड्याची मान बँडसॉवर (चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीच्या ब्लेडची यांत्रिक करवत) कापताना १२ मिमीचं ब्लेड अडकतं, लाकूड काळं पडतं. माझा हात चुकतोय का?

उत्तर: हात नाही, ब्लेड रुंद आहे. १२ मिमीचं ब्लेड साधारण ६५ मिमी त्रिज्येहून लहान वळण घेत नाही. जबरदस्ती केली की त्याची पाठ कापाच्या भिंतीला घासते. तोच तो काळा डाग. ६ मिमीचं लावा, ते १६ मिमी त्रिज्येपर्यंत वळतं. माझ्या यंत्रावर बहुतेक वेळा तेच चढवलेलं असतं. ३ मिमीचं फक्त कानांसारख्या बारीक वळणांना. फार नाजूक असतं. आणि रेघेबाहेरच्या टाकाऊ भागात आधी जागोजागी सरळ काप घेऊन ठेवा. मान कापत पुढे जाल तसे तुकडे गळत जातात, ब्लेडला वळायला जागा मिळते. लांब कापातून मात्र ब्लेड मागे ओढू नका, चाकावरून निसटतं.