चक्र नाही, तर ड्रोनला वळण कळतं कसं?

प्रश्न : सर, आमच्या भागात आता उसावर फवारणीला ड्रोन यायला लागलेत. ड्रोनवाला पोरगा बॅटरी जोडली की थोडा वेळ कुणाला हातच लावू देत नाही, म्हणतो जायरो सेट होतोय. मागं एक ड्रोन पडला तेव्हा त्याचा बोर्ड मी बघितला, त्यावर फिरणारं काहीच नाही, नुसत्या छोट्या काळ्या चिपा. शाळेत तर जायरोस्कोप म्हणजे गरागरा फिरणारं चक्र असं शिकलो होतो. मग हा कसला जायरो?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : शाळेतलं ते चक्र फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाचं, १८५२ सालचं, आणि ते बरोबरच आहे. पण वळण मोजायला चक्रच लागतं असं नाही, थरथरणारी वस्तूपण चालते. ब्रायन नावाच्या ब्रिटिश गणितज्ञानं १८९० मध्येच दाखवलं होतं की नाद करणारा पेला फिरवला तर त्याच्या कंपनांची जागा सरकते. तुम्ही बघितलेल्या चिपांपैकी एकीच्या आत सिलिकॉनचे इवलेसे ठोकळे सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेले असतात आणि विजेच्या जोरावर सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडं हलत असतात, तेही मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात, त्यामुळं डोळ्याला काय दिसणार!

आता बागेतली गोल चक्री आठवा. ती फिरत असताना मधून कडेला सरळ चालायला गेलात तर कुणीतरी बाजूला ढकलतंय असं वाटतं बघा, तोच कोरिओलिसचा परिणाम, कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८३५ मध्ये मांडलेला. ड्रोन वळला की आतल्या ठोकळ्यालाही तसाच आडवा रेटा बसतो, आणि ठोकळा उलटा निघाला की रेटाही उलटा, म्हणजे मूळ थरथरीला काटकोनात दुसरी एक बारीक थरथर सुरू होते. वळण जेवढं जोरात तेवढी ही दुसरी थरथर मोठी. ठोकळ्याच्या कडेच्या पट्ट्या आणि समोरच्या पक्क्या पट्ट्या यांच्यातलं अंतर बदललं की कपॅसिटन्स (म्हणजे वीज साठवून धरायची क्षमता) बदलतो, आणि त्यावरून चिप सांगते की सेकंदाला किती अंशानं वळतोय. बऱ्याच चिपांत ठोकळे जोडीनं उलटसुलट हलवतात, म्हणजे ड्रोनला नुसता धक्का बसला तर दोघांवर सारखाच बसतो आणि वजाबाकीत निघून जातो.

माशीकडं हीच युक्ती आहे! पंखांच्या मागं गोळा असलेल्या दोन छोट्या काड्या असतात, त्या उडताना पंखांसोबत हलत राहतात आणि त्यांच्यावर पडणाऱ्या ताणातून माशीला आपण वळतोय हे कळतं. मला तर ही गोष्ट चिपेपेक्षाही भारी वाटते.

आता त्या पोराचं. तो अगदी बरोबर करतोय, त्याला घाई करू नका. ही चिप स्थिर असतानाही आकडा अगदी शून्य देत नाही, थोडा इकडंतिकडं असतो आणि तापमानाप्रमाणं बदलतो. समजा सेकंदाला ०.१ अंशाची चूक राहिली, तर ती साठत साठत मिनिटात ६ अंश होते. म्हणून सुरू झाल्यावर ड्रोन गप पडलेला असताना जो आकडा येतो तो शून्य धरून पुढं वजा करतात. त्याच वेळी कुणी ड्रोन उचलला किंवा हलवला तर शून्यच चुकीचं बसायची भीती, आणि औषधाची टाकी भरलेला ड्रोन डोक्यावर असताना ते कुणालाच नको.

एवढ्यावरही भागत नाही. कलण्याची चूक अ‍ॅक्सेलरोमीटर (वेगातला बदल आणि गुरुत्वाकर्षणाचा ओढा जाणवणारी चिप) सुधारतो, कारण त्याला खालची दिशा कळते, पण तोंड कुठं आहे हे बऱ्याच ड्रोनमध्ये कंपास सांगतो आणि लोखंडाजवळ कंपास फसतो. तासगावात द्राक्षबागांचे अँगल आणि तारा जिकडं तिकडं, तेव्हा कंपास सेट करायचा असेल तर बागेला लागून नको, उसाच्या बाजूच्या मोकळ्या रानात जाऊन करायला सांगा.