त्याच्या हाती निरोप देऊ नका

अगं, तुझा मेसेज वाचला आणि उत्तर दोन ओळीत मावेना म्हणून हे पत्र.

तुझ्या ट्युशनमधला तो तिसरीतला मुलगा, आईबाबांची घटस्फोटाची केस सुरू झाल्यापासून गप्प, पाढे येत असून म्हणत नाही, आणि तू विचारतेस त्याच्याशी काय बोलू. खरं सांगू, बोलायचं फार कमी आहे गं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, आई परळला, वडील डोंबिवलीला. शनिवारी तिच्या दप्तरात पिशवीत गुंडाळलेला एक जास्तीचा फ्रॉक असायचा आणि कंपासपेटीत घडी घातलेली चिठ्ठी, आईने बाबांना लिहिलेली, फीच्या पैशांची. एकदा ती चिठ्ठी मला बाकाच्या फटीत कोंबलेली सापडली. विचारलं तर म्हणाली, "बाई, ही दिली की बाबा जेवत नाहीत." आठ वर्षांची पोर! तेव्हा मी मायेनेच पण फार मोठी चूक केली, तिला विचारलं की बाळा तुला कुणाकडे राहायला आवडेल. दुसऱ्या दिवशी ती शाळेतच आली नाही. मला अजून ते सलतं.

म्हणून तो प्रश्न तू कधीच विचारू नकोस. लागलंच तर वांद्र्याच्या फॅमिली कोर्टातले जज विचारतील, तेही मूल समजतं असेल तर, चेंबरमध्ये, आईबाप बाहेर ठेवून. आणि निकाल मुलाच्या हिताचा बघून देतात, त्याच्या एका उत्तरावर सगळं ठरत नाही, हे त्याच्या आईलाही सांग. तिथे समुपदेशकही असतात, त्यांच्याशी मोकळं बोल म्हणावं.

दोघांच्या संमतीने असलं तरी साधारण ६ महिने थांबावं लागतं (२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की योग्य केसमध्ये ही अट माफ होऊ शकते), आणि भांडणाची केस असेल तर वर्षं जातात. तेवढे दिवस पोरगं अधांतरी राहतं ना, म्हणून त्याला निदान या आठवड्याचं नीट कळू दे, शनिवारी कोण न्यायला येणार, रविवारी किती वाजता परत, बाबांकडे झोपायचं का. आणि फीचे, कपड्यांचे निरोप दोघांनी एकमेकांना थेट व्हॉट्सॲपवर टाकावेत, त्याच्या हाती नाही. हे आईला तू स्पष्ट सांग, तिला राग आला तरी चालेल.

मुलांना हमखास वाटतं की मी मस्ती केली म्हणून बाबा गेले. तो विचारो न विचारो, तुझ्यामुळे काही झालेलं नाही हे त्याला सांग, एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांग. झोप उडाली, अंथरूण ओलं व्हायला लागलं किंवा जिवाचं काही बरंवाईट बोलला तर मात्र थांबू नकोस, लगेच आईला सांगून डॉक्टरांकडे नाहीतर समुपदेशकाकडे न्यायला लाव. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन फुकट आहे, रात्रीही लागते.

पाढे म्हणायला एवढ्यात उभं करू नकोस त्याला. शेजारी बसव, तू म्हण, आज ना उद्या ओठ हलवेल. पुढची तारीख झाली की फोन कर मला.