आजोबांच्या ट्रंकेतली काडतुसं आणि घरी गोळ्या भरायचा विचार

प्रश्न : वकीलसाहेब, आम्ही शिराळा तालुक्यातले. आजोबा फौजेत होते. त्यांची १९१७ मॉडेलची, एडिस्टोन शिक्क्याची तीस-झिरो-सिक्स रायफल पुढे वडिलांच्या लायसनवर आली. वडील आठ महिन्यांपूर्वी वारले, रायफल घरातच आहे. परवा माळ्यावरची ट्रंक उघडली तर रिकाम्या पुंगळ्या, टोप्यांची (बार पेटवणाऱ्या बुडातल्या कॅपची) डबी, बंदुकीच्या दारूचा पत्र्याचा डबा, काडतूस भरायचं हातयंत्र आणि थोडी जिवंत काडतुसं निघाली. त्यातलं एक काडतूस मी पकडीनं उकललं, आत शेवयांसारख्या तपकिरी काड्या होत्या. विकतची गोळी महाग, शिवाय मिळत नाही. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, तिकडे सगळे घरीच भरतात, साचे मी घेऊन येतो. रानडुकरं आणि गवे उसाची वाट लावतात. आमच्या रायफलीपुरत्या गोळ्या घरी भरल्या तर चालेल का?

उत्तर : नाही, चालणार नाही. मावसभावाला आजच फोन करा आणि साचे आणू नकोस म्हणून सांगा.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी घरी गोळ्या भरणं हा राजरोस छंद आहे, हे खरं. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगायचं लायसन त्याला पुरत नाही, आणि तुमच्या नावावर तर तेही नाही. जुन्या पुंगळीला नवी टोपी, दारू आणि गोळी बसवली की नवं काडतूस तयार झालं. पोलीस आणि कोर्ट त्याला उत्पादनच धरतील, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःपुरतं केलं तर सूट, असं त्या कलमात कुठंही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे.

आता आजची तुमची स्थिती बघा. वडिलांचं लायसन त्यांच्याबरोबर संपलं, म्हणून रायफल घरात ठेवणं कलम ३ च्या विरुद्ध आहे. त्याला २ ते ५ वर्षं शिक्षा आहे. पण कलम ३ खाली खटला भरायला कलम ३९ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. दुखवट्यात उशीर झाला, पण आपणहून येऊन कळवलं, हे तिथं सांगता येतं आणि त्याला वजनही असतं. कलम ५ च्या गुन्ह्याला ही मंजुरीची चाळणी नाही. हातयंत्राचा दांडा एकदा जरी ओढलात तरी सांभाळून घेता येण्यासारखी दिरंगाई मागे पडते आणि तुम्ही ७ वर्षांच्या कलमात जाता. हे ताणून सांगत नाही. कोवळ्या वयाची पोरं कुतूहलापोटी अशा कलमांत अडकतात, तेव्हा अख्खं घर कोर्टाच्या पायऱ्या झिजवतं.

ट्रंकेतल्या वस्तू नुसत्या भंगार आहेत असंही समजू नका. कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग येतात, आणि काडतूस बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे पुंगळी, टोपी आणि ते हातयंत्र, सगळं त्यात बसतं. पितळ म्हणून भंगारवाल्याला घातलंत तर तेही विनापरवाना हस्तांतरण होईल. वारणेत टाकायचा सल्ला गावात कुणीतरी देईलच. तो ऐकलात तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर येईल.

एका गोष्टीनं मला जास्त काळजी वाटली, ती म्हणजे शेवयांसारख्या काड्या. तो कॉर्डाइट आहे, म्हणजे काड्यांच्या रूपातली बंदुकीची दारू; ब्रिटिश थ्री-नॉट-थ्री काडतुसात असायचा तो. उरलेल्या काडतुसांचं बूड बघा. पितळाची कड बाहेर आली असेल तर ते थ्री-नॉट-थ्री; तीस-झिरो-सिक्सच्या बुडाला अशी बाहेर येणारी कड नसते. हे नुसतं बघायचं, उकलायचं मुळीच नाही. थ्री-नॉट-थ्री ही आपल्याकडे निर्बंधित बोअर (नळीचं माप) आहे. तिचं लायसन जिल्हाधिकारी देत नाहीत, ते केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतं.

दुसरं म्हणजे, तुमच्या रायफलीवर शिक्का असलेल्या, अमेरिकेतल्या एडिस्टोनच्या त्याच कारखान्यात आधी ब्रिटिशांसाठी पॅटर्न १४ ही रायफल बनत होती. ती थ्री-नॉट-थ्रीची आणि दिसायला जवळजवळ अशीच. म्हणून लायसनवरची बोअर आणि नंबर रायफलीवरच्या खुणांशी ताडून बघा. जुळलं नाही तर कुठंही अर्ज करण्याआधी वकील गाठा. चुकीची गोळी चुकीच्या चेंबरमध्ये गेली तर काय होतं, हे फौजेतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

'आम्हाला माहीतच नव्हतं' हा बचाव कायद्यात आहे. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की ताब्याला जाणिवेची जोड लागते. पण ट्रंक उघडलीत त्या दिवशी तुम्हाला जाणीव झाली. इथून पुढचा प्रत्येक दिवस तुमच्या विरुद्ध मोजला जाईल.

म्हणून याच आठवड्यात हद्दीतल्या पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या. वडिलांचा मृत्यू दाखला आणि लायसनची प्रत जोडा. ट्रंकेत काय काय आहे ते, उकललेल्या काडतुसासकट, खरं खरं लिहा. पंचनामा करून ताब्यात घ्यावं अशी विनंती करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. दारूचा डबा आणि काडतुसं मोटरसायकलला अडकवून किंवा एसटीनं नेऊ नका. पोलिसांनाच घरी बोलवा, गरज वाटली तर ते बॉम्बशोधक पथक आणतील. रायफल कलम २१ प्रमाणे ठाण्यात जमा करा. शंभर वर्षांची आहे म्हणून ती सुटत नाही. जुन्या वस्तूची सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारालाच आहे.

जमा केली म्हणजे ती गेली, असं नाही. वारस म्हणून तुम्ही सांगलीला जिल्हाधिकारी कार्यालयात तुमच्या नावानं लायसनचा अर्ज करू शकता. मिळालं तर रायफल परत मिळेल. नाही मिळालं तर नियमात दिलेल्या मुदतीत परवानाधारक दुकानदाराला किंवा व्यक्तीला विकता येईल. गोळ्या मात्र परवानाधारक दुकानातूनच, लायसनवर लिहिल्या असतील तेवढ्याच. महाग पडतात हे मान्य, पण दुसरा रस्ता नाही.

आणि लायसन आलं तरी गव्यावर बार काढायचा नाही. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तुमच्या शेजारी चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. पिकाच्या नुकसानीचा वनविभागाकडून लगेच पंचनामा करून घ्या आणि भरपाई मागा.

वारसाच्या अर्जाला आई आणि बहिणीची लेखी ना-हरकत लागेल. बहीण सासरी असेल तर तिची सही आत्ताच घेऊन ठेवा, बहुतेक अर्ज तिथंच अडतात.